कचऱ्याचं काम घ्यायचंय? आधी सात दिवस वजन करा, मग कोटेशन द्या



कमी भांडवलात सुरू होणाऱ्या सेवा व्यवसायांचा व्हिडिओ केला तेव्हा त्यात कचरा व्यवस्थापनावर मी जेमतेम दोन मिनिटं बोललो होतो. सगळ्यात जास्त प्रश्न त्या दोन मिनिटांवरच आले. सोसायटीचं काम कसं मिळवायचं, ग्रामपंचायतीला दर काय सांगायचा, खत विकून किती सुटतात. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकतो: पहिल्या वर्षी खताच्या विक्रीचे पैसे शून्य धरा. बाकीच्या प्रश्नांसाठी हा लेख. आणि सुरुवात माझ्या स्वतःच्या फजितीपासून करतो, कारण त्या फजितीची फी मी भरलेली आहे, तुम्ही पुन्हा भरू नका.

माझं दुकान पॅकिंग मटेरियलचं. द्रोण, पत्रावळ्या, ग्लास, पिशव्या. मार्च २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिक आणि थर्माकोलबंदीची अधिसूचना निघाली आणि माझा बराचसा माल गोडाउनमध्ये अडकला. तेव्हा डोक्यात आलं की जो माल आपण विकतो तो शेवटी जातो कुठे, त्या टोकाला काही धंदा आहे का? बीबीए केलेलं, एक्सेल शीट बनवायची सवय. पुढच्या वर्षी आमच्याच गावातल्या १८० फ्लॅटच्या एका सोसायटीचं ओल्या कचऱ्यापासून खत करण्याचं काम घेतलं.

सेक्रेटरींनी सांगितलं, "रोज दोन डबे ओला निघतो." मी मनात धरलं, एक डबा ५० किलो, म्हणजे रोज १०० किलो. त्यावर सहा टाक्या बांधल्या. एका टाकीत सात दिवसांचा कचरा, म्हणजे ७०० किलो. सहाव्या टाकीचा आठवडा संपेपर्यंत ४२ दिवस होतात, तोवर पहिली टाकी भरून बंद झाल्यावर ३५ दिवस मुरलेली असते. कागदावर एकदम चोख.

त्या सोसायटीतून वर्षानुवर्षं बाटल्या-पुठ्ठे नेणाऱ्या एक मावशी होत्या. टाक्यांचं बांधकाम चालू असताना त्या उभ्या राहून बघत होत्या. मला म्हणाल्या, "दादा, रविवारचं काय करणार?" मी हसलो आणि म्हटलं, मावशी, सगळा हिशेब झालाय.

हिशेब असा निघाला. सोमवार ते शनिवार रोज १३० किलोच्या आसपास, आणि रविवारी २००. रविवारी घराघरात मटण-मासे, नारळ, पाहुणे. आठवड्याचं ९८० किलो, म्हणजे रोजची सरासरी १४०. आता तीच टाकी सातऐवजी पाच दिवसांत भरायला लागली. सहा टाक्या ३० दिवसांत संपल्या. एकतिसाव्या दिवशी पहिली टाकी उघडली तेव्हा ती ३५ नाही, फक्त २५ दिवस मुरलेली. अर्धं कच्चं खत बाहेर काढून ताडपत्रीवर टाकलं आणि वर जुलैचा पाऊस. पुढचं तुम्ही समजून घ्या. पहिल्या मजल्यावरच्या आजींनी खिडक्या बंद करून घेतल्या, व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो फिरले, कच्चा माल टेम्पोनं शेतावर टाकायचा खर्च माझ्या खिशातून गेला आणि चौथ्या महिन्यात काम बंद झालं. अनामत गेली ते सोडा. मी दोन बायकांना कामावर घेतलं होतं, त्यांचा पगार बंद झाला, हे जास्त लागलं.

चूक १०० आणि १४० मधल्या ४० किलोंची. आणि ते ४० किलो मला एका आठवड्यात, एका वजनकाट्यावर, फुकट कळले असते.

सात दिवस काटा घेऊन उभं राहायचं म्हणजे काय

काम सोसायटीचं असो वा गावाचं, पहिला खर्च वजनकाट्याचा. दुकानातला प्लॅटफॉर्म काटा असेल तर उत्तम, नाहीतर टांगायचा ताणकाटा चालतो. सोबत एक मोठी ताडपत्री, हातमोजे, मास्क, वही. सलग सात दिवस, कारण रविवार आणि बाजारचा दिवस त्यात यायलाच हवेत. सोसायटी लहान असेल तर सगळाच कचरा मोजा. गाव असेल तर सगळी घरं मोजणं जमणार नाही. मग प्रत्येक वाडी, प्रत्येक आळीतून थोडी थोडी अशी तीस-चाळीस घरं निवडा. त्यात बंगलाही हवा आणि दोन खोल्यांचं घरही. फक्त सरपंचांच्या आळीतली घरं घेऊ नका. हॉटेलं, मटणाची दुकानं, भाजीबाजार, मंगल कार्यालय यांची वजनं वेगळी लिहा. लग्नसराईतलं एक कार्यालय एका रात्रीत अख्ख्या आळीइतका कचरा देतं.

आकडा आला की तो ताडून बघा. आपल्याकडे माणशी रोजचा कचरा साधारण २०० ते ६०० ग्रॅमच्या दरम्यान धरतात, लहान गावात कमी, मोठ्या शहरात जास्त. तुमचा आकडा माणशी ५० ग्रॅम आला तर निम्म्याहून जास्त कचरा तुमच्यापर्यंत आलाच नाही, तो ओढ्यात किंवा काडेपेटीला गेला. दीड किलो आला तर कुणीतरी बांधकामाचा राडारोडा त्यात घातलाय.

नुसतं एकूण वजन पुरत नाही, आत काय आहे हेही बघावं लागतं. सगळा ढीग उपसायची गरज नाही. कचरा ताडपत्रीवर नीट कालवा, गोल पसरा, भाकरीचे चतकोर करतो तसे चार भाग करा. समोरासमोरचे दोन ठेवा, दोन बाजूला काढा. उरलेलं पुन्हा कालवून पुन्हा चार भाग. हाताळता येईल इतका नमुना उरला की तो वेगळा करून वजन करा. ओला, विकला जाणारा सुका, कुणीही न घेणारा सुका, सॅनिटरी पॅड-डायपर, घरगुती घातक म्हणजे बॅटऱ्या-औषधं-ट्यूबलाइट, आणि झाडलोटीची माती. घाण काम आहे, खोटं कशाला सांगू. पण हे स्वतः केल्याशिवाय कोटेशनवर सही करू नका.

आत काय आहे हे न बघता काम केलं तर किती मोठी माणसंही आपटतात त्याचं उदाहरण दिल्लीचं आहे. १९८७ साली तिमारपूरला डेन्मार्कच्या तंत्रज्ञानावर कचरा जाळून वीज करायचा प्रकल्प उभा राहिला. रोजचा ३०० टन कचरा, पावणेचार मेगावॉट वीज अशी आखणी. तो चालला जेमतेम तीन आठवडे. यंत्र युरोपातल्या कोरड्या, कागद-प्लास्टिकवाल्या कचऱ्याला सवयीचं. आपल्या कचऱ्यात भाजीचे देठ, माती आणि पाणी. तो नीट पेटेचना. माझ्या सहा टाक्या आणि तिमारपूरची भट्टी, चुकीची जात एकच.

गावाचं गणित, खऱ्या खर्चासकट

आता एक नमुना गणित करू. यातले आकडे समजण्यासाठी मी धरलेत, तुमचे तुम्ही काट्यावर आणि बाजारात जाऊन काढायचे. गाव ५०० घरांचं, २,२०० माणसं, माणशी ३०० ग्रॅम. रोजचे झाले ६६० किलो. त्यात ओला ३३०, झाडलोट-माती १३०, विकला जाईल असा सुका १००, आणि कुणी हात लावणार नाही असा १०० किलो.

इथेच थांबा आणि दोन प्रश्न विचारा. पहिला: हे ३३० किलो खरंच गाडीत येणार का? खेड्यात उष्टं-खरकटं गोठ्यात जातं, भाजीचा कचरा परसातल्या उकिरड्यावर जातो. जिथे गुरं आहेत तिथे ओला कचरा गोळा करण्याची यंत्रणा उभी करणं म्हणजे नसलेल्या रोगावर औषध. त्या घरांना परसातच खड्डा करायला शिकवा, ते स्वस्त पडतं. गाडीत येणारा ओला प्रामुख्यानं बाजारपेठेतला आणि नव्या प्लॉटिंगमधला असतो. दुसरा प्रश्न: विकला जाणारा १०० किलो तुम्हालाच मिळणार का? नाही. रद्दी, पत्रा, चांगला पुठ्ठा घरातली बाई स्वतः भंगारवाल्याला देते आणि पैसे घेते, आणि ते योग्यच आहे. तुमच्या हाती ४० किलो येईल असं धरा.

आता महिन्याचा जमा-खर्च. घरटी ६० रुपये शुल्क लावलं तर ३०,००० व्हायला हवेत, पण पहिल्या वर्षी वसुली ७५ टक्के धरा, म्हणजे २२,५००. रोजचे ४० किलो सरासरी ७ रुपयांनी विकले तर महिन्याला ८,४००. एकूण जमा ३०,९००.

खर्च बघा. ड्रायव्हर १४,००० आणि दोन मदतनीस प्रत्येकी १२,००० असे ३८,००० (तुमच्या भागातलं किमान वेतन तपासून घ्या, त्याखाली जाऊ नका). डिझेल ६,०००. गाडीची दुरुस्ती, टायर, विमा यासाठी बाजूला काढायचे ४,०००. न विकणारा माल पुढे नेण्याच्या चार फेऱ्या, प्रत्येकी १,५००, म्हणजे ६,०००. हातमोजे, साबण, झाडू १,५००. बेरीज ५५,५००.

म्हणजे तूट २४,६०० रुपये, आणि यात तुमचा स्वतःचा एक रुपयाही नाही. ही तूट आणि तुमचं मार्जिन ग्रामपंचायतीनं दरमहा द्यायला हवं, ठरावात आणि करारात लिहून. "कचरा विकून भागेल" असं कुणी म्हणालं तर हे गणित समोर ठेवा.

इथे बऱ्याच जणांची गल्लत होते ती सरकारी निधीबद्दल. स्वच्छ भारत मिशन ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्याच्या मार्गदर्शक सूचनांत घनकचऱ्यासाठी ५,००० पर्यंत लोकसंख्येच्या गावाला माणशी ६० रुपयांपर्यंत आणि त्याहून मोठ्या गावाला माणशी ४५ रुपयांपर्यंत तरतूद होती. आपल्या नमुन्याच्या गावाला हे होतात १,३२,००० रुपये. ऐकायला बरं वाटतं, पण हा उभारणीचा पैसा. शेड, खड्डे, तीनचाकी. तो एकदा येतो. ड्रायव्हरचा पगार दर महिन्याला येतो. पत्र्याची शेड आहे, गाड्या गंजताहेत आणि कचरा मात्र नदीकाठी, असं चित्र जिथे दिसेल तिथे उभारणीचा पैसा आला होता आणि चालवण्याचा आला नव्हता, एवढं समजा. अशा गावचं काम अंगावर घेऊ नका असं मी म्हणत नाही. उलट शेड तयार आहे ही तुमची बचत आहे. फक्त दरमहाचा प्रश्न आधी सोडवा.

गाडी निवडतानाही एक गोष्ट लक्षात ठेवा: वेगळा केलेला सुका कचरा वजनानं नाही, आकारानं गाडी भरतो. मिसळलेला कचरा दाबून बसतो, एका घनमीटरमध्ये ४०० किलोच्या आसपास मावतो. नुसत्या बाटल्या-पाकिटांनी तीच गाडी काही किलोतच फुगते. वजनावरून गाडी घेतली की दोन फेऱ्यांच्या चार होतात आणि डिझेल दुप्पट.

उरलेल्या १०० किलोंचं काय

माझ्या मते सगळा धंदा या १०० किलोंवर तरतो किंवा बुडतो. वेफर्सची पाकिटं, मसाल्यांचे पाउच, फाटके कपडे, चपला, डायपर. याला गिऱ्हाईक नाही. जाळायला कायद्यानं मनाई आहे, २०१६ च्या घनकचरा नियमांतच उघड्यावर टाकणं, जाळणं, पुरणं बंद केलंय. (नियम अधूनमधून बदलतात, करार करताना चालू नियम वाचूनच सही करा.) मोठी शहरं हा माल वर्षानुवर्षं शेजारच्या गावांच्या माथी मारत आली. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांना पुण्याच्या गाड्या अडवाव्या लागल्या त्या उगाच नाही. तुमच्या कोटेशनमध्ये या मालाचं पुढचं ठिकाण, अंतर आणि फेरीचा दर लिहिलेला नसेल तर ते ठिकाण आपोआप एखादा नाला ठरतं.

तो कमी कसा होतो हे बघायचं असेल तर वेंगुर्ल्याला जाऊन या. तिथल्या नगरपरिषदेनं जुन्या डंपिंग ग्राउंडचं असं रूप पालटलं की आज लोक ते बघायला जातात. घराघरातून कचरा वेगळा घ्यायचा, जागेवर त्याचं आणखी बारीक वर्गीकरण करायचं, ओल्यापासून बायोगॅस, आणि न विकणाऱ्या प्लास्टिकचे तुकडे करून रस्त्याच्या डांबरात. जितके बारीक भाग, तितकं गिऱ्हाईक जास्त. पातळ पिशव्या आणि कडक डबे एकत्र असतील तर भंगारवाला स्वस्तातला दर लावतो किंवा घेतच नाही, वेगळे असतील तर दोघांचे दोन दर.

आणि हे बारीक वेगळं करण्याचं ज्ञान ज्यांच्याकडे आधीपासून आहे त्यांना बाजूला सारून धंदा करू नका. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून कचरावेचकांची संघटना म्हणून उभी आहे, आणि त्यातूनच स्वच्छ ही त्यांची स्वतःची सहकारी संस्था झाली. घरोघरी कचरा त्या घेतात, शुल्क घराकडून घेतात, सुका विकून आलेले पैसे त्यांचे. मला पहिल्या दिवशी रविवारचा प्रश्न विचारणाऱ्या मावशींना त्या सोसायटीचा कचरा वारानुसार पाठ होता. दुसरं काम घेतलं तेव्हा मोजणीच्या आठवड्याला मी त्यांनाच सोबत नेलं, रोजाचे पैसे देऊन. कुठली पाकिटं विकली जातात आणि कुठली नाहीत हे मला त्या दिवशी कळलं, आणि मी ती पाकिटं दहा वर्षं विकत होतो!

काम चाललंय की नाही, हे कसं ओळखायचं

परिसर स्वच्छ दिसतो, ही मोजणी नव्हे. भिंती रंगवल्या आणि पाहणीच्या दिवशी झाडलं की कुठलाही परिसर स्वच्छ दिसतो. आत आलेला माल आणि बाहेर गेलेला माल यांचा मेळ लागतो का ते बघा. ओला कचरा मुरताना पाणी आणि वायू होऊन घटतो, १०० किलोचं साधारण २० ते २५ किलो खत होतं. कुणी तुम्हाला "आम्ही रोज ३३० किलो ओल्याचं खत करतो" असा अहवाल दाखवला तर विचारा, महिन्याचं खत किती? ९,९०० किलोचं निदान १,९८० किलो खत हवं. वहीत ३०० किलो दिसलं तर उरलेला कचरा कुठे गेला हे शोधायला गावाबाहेर एक चक्कर मारा, वास तुम्हाला नेऊन सोडेल.

खताच्या ढिगाची परीक्षा हातानंच होते. मूठभर घेऊन दाबा. पाणी ठिबकलं तर ओलं जास्त, मूठ उघडताच भुगा सांडला तर कोरडं. गोळा टिकला आणि हात नुसता दमट झाला की बरोबर. सुरुवातीच्या दिवसांत ढीग आतून ५५-६० अंशांपर्यंत तापायला हवा. नाही तापला तर एकतर ढीग लहान आहे नाहीतर भुसा-पालापाचोळा कमी पडलाय. वास सुटला तर पहिला उपाय औषध फवारणं नाही, पालापाचोळा घालून वरखाली करणं. म्हणून पानगळीतच पाचोळ्याची पोती भरून ठेवा. माझा जुलै पाचोळा नसल्यानंही बिघडला होता.

दर महिन्याला मी वहीत आणखी तीन गोष्टी लिहितो. न सांगता कुठल्याही वीस घरांचे डबे उघडून बघायचे, किती घरांत कचरा खरंच वेगळा आहे. दर १०० किलोमागे न विकला जाणारा किती. आणि टनाला खर्च किती: आपल्या नमुन्यात महिन्याचे १९.८ टन आणि ५५,५०० रुपये, म्हणजे टनाला साधारण २,८०० रुपये. यातला वीस घरांचा आकडा सगळ्यात आधी घसरतो. तो घसरला की महिनाभरात न विकणारा वाढतो, आणि त्यामागून टनाचा खर्च. म्हणून डबे उघडून बघण्याचा कंटाळा करू नका, आणि जे घर वेगळं करत नाही तिथे नोटीस पाठवण्याआधी संध्याकाळी जाऊन बोला. बऱ्याचदा घरात दुसरा डबाच नसतो.

करारात दोन अटी घालून घ्या. एक, वजन ठरल्यापेक्षा वीस टक्क्यांनी वाढलं तर दर पुन्हा बसून ठरेल. दोन, सहा महिन्यांनी, त्यातही एकदा भर पावसाळ्यात, दोन्ही बाजूंचा माणूस उभा राहून पुन्हा सात दिवस वजन होईल. सेक्रेटरी किंवा ग्रामसेवक या दुसऱ्या अटीला नाही म्हणाले, तर मी ते काम घेत नाही. मोजणीच्या वहीचा नमुना पुढच्या व्हिडिओत पान उघडून दाखवतो, रविवारचा रकाना त्यात वेगळ्या रंगानं आखलेला आहे.